हातभर ताणा

सोमवारपासून तिसऱ्यांदा अंजनाबाईंचं काम पुसलं गेलं होतं. काल दिवसभर बसून त्यांनी गोळीबार चौकापासून पाचपावलीपर्यंतच्या बेचाळीस घरांचे माग कम्प्युटरात चढवले होते. कोणाकडे कोणत्या काठाची साडी लागली आहे, कुठवर विणून झाली आहे, सगळं. आज सकाळी पडद्यावर एकही घर नव्हतं. नुसती एक हिरवी रेघ लुकलुकत होती, 'नाव सांगा' म्हणून अडून बसलेली.

विणकर संस्थेचे मॅनेजर भैयाजी दारातूनच म्हणाले, "बाई, आता बस झालं. उद्या तो टायपिंग पास झालेला माणूस येऊन राहिला. आज संध्याकाळपर्यंत तुमच्यानं जमलं तर ठीक, नाही तर घरी पुन्हा सुताच्या कांड्या भरा."

वीस वर्षं कांड्या भरून ही खुर्ची मिळवलेल्या बाईला असं बोलताना त्यांना काही वाटलं नाही, असं नाही. वाटलं, म्हणूनच ते थांबले नाहीत.

कम्प्युटर शिकवायला आलेली सुमती कपाळाला हात लावून बसली. इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोर. यंत्र चालवणारी सगळी प्रणाली तिनं कॉलेजातूनच फ्लॉप्यांवर उतरवून आणली होती. त्या प्रणालीत काही झाकलेलं नव्हतं. आतली ओळ न् ओळ वाचा, पटली नाही तर बदला. या मोकळेपणाचं सुमतीला भारी कौतुक होतं, आणि ते ती दिवसातून दोनदा तरी सांगायची.

"काकू, किती वेळा सांगितलं? उठताना काम बंद करायचं. त्याशिवाय कम्प्युटर ते जपून ठेवत नाही. सहा वाजता चौकीदार मेन स्विच पाडतो, की गेलं सगळं."

"माहीत आहे वं."

"मग काहून करत नाही?"

अंजनाबाई ओशाळल्या. विसरल्या म्हणावं, तर विसरल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी हात त्या बटणापर्यंत जायचा आणि मागे यायचा.

"घरं पुरे झाले नव्हते ना," त्या म्हणाल्या. "अर्ध्यात बंद कसं करू? आमच्यात माग कधी रिकामा नाही करत, पोरी. साडी कापली तरी हातभर ताणा, म्हणजे उभं सूत, फणीत तसाच राहू देतो. नवा ताणा त्याच्याच टोकाले सांधतो, एकेक धागा. सगळा काढून घेतला तर हजारो धागे पयल्यापासून ओवत बसा. रिकामा माग मले पाहवत नाही."

तीन दिवस सुमती जिला खोड म्हणत होती, ती या बाईची जन्माची शिस्त होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त हुरूप आला.

"काकू, खुर्ची इकडं घ्या."

दुपारचे डबे तसेच राहिले. सुमतीनं आधी यंत्रानं सुरू होताना नाव विचारणं काढून टाकलं. मग 'बंद करा' काढलं. एक ओळ भरली की ती आपोआप जपली जावी आणि यंत्र सुरू झालं की कालच्या शेवटच्या ओळीखालीच उघडावं, अशी तिची खटपट चालली होती. मधूनमधून ती विचारायची, "आता हात कुठं जातो?" अंजनाबाईंचा हात जिथं जाई, तिथं ती त्या कामाचं बटण नेमून द्यायची. दोनदा सगळं बिघडलं. एकदा अंजनाबाईच तिच्यावर करवादल्या, "हे खाली घे ना, वर काहून ठेवलं?"

चार वाजता भैयाजी आले. तोवर अंजनाबाईंनी एकवीस घरं भरली होती.

"जमलं काय?"

"तुम्हीच पाहा," सुमती म्हणाली. "मेन स्विच पाडा."

"चालू असताना?"

"चालू असतानाच."

पोरगी चिडली आहे असं वाटून भैयाजींनी अंजनाबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. भैयाजींनी स्विच पाडला. पंखा थांबला, पडदा काळा झाला. त्यांनी तो पुन्हा वर केला. यंत्र घुरघुरलं, दोन मिनिटं त्यानं तिघांचा जीव टांगणीला लावला, आणि मग पडद्यावर एकामागून एक घरं आली. शेवटचं नत्थूजींचं, एकविसावं. त्याखाली नवी ओळ.

"त्या टायपिंगवाल्याले मी नाही म्हणून कळवतो मंग," भैयाजी घसा खाकरून म्हणाले. जाता जाता वळले. "उमरेडच्या विणकर संस्थेचा कम्प्युटर पेटीतच पडून आहे. कोणी हात लावत नाही. त्याईलेही हे देता येते काय?"

"येतं की. आणि त्यांना हवं तसं ते बदलूनही घेतील."

उमरेडसाठी फ्लॉपी करण्याआधी सुमतीनं प्रोग्रॅम उघडला. अगदी वर लिहिणाऱ्याचं नाव द्यायची रीत असते. तिथं तिचं होतंच. त्याच्या वर तिनं आणखी एक टाइप केलं. अंजनाबाईंनी इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत वाचलं.

"माहं काहून?"

"अक्कल तुमची आहे, काकू."

अंजनाबाईंचे डोळे भरून आले. ते पदरानं टिपून त्या म्हणाल्या, "मग सासूचंही टाक. जनाबाई. धागे सांधणं तिनंच शिकवलं मले, रागावून रागावून."

सुमतीनं जनाबाईंचं नाव वर घातलं. "आणि त्यांना कोणी शिकवलं?"

"तिच्या सासूनं." अंजनाबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "तिचं नाव मले माहीत नाही वं. सगळे म्हातारीच म्हणत."

जनाबाईंच्या नावाच्या वर सुमतीनं एक ओळ कोरी ठेवली.