आडवा उजेड

पडद्यावर पुन्हा काचच उमटली. त्या काचेवरचा सौरपेशीचा पातळ थर, वृंदाची चार वर्षांची मेहनत, क्ष-किरणांना सापडतच नव्हता. खूण ठळक यावी म्हणून ती किरणांचा कोन वाढवतच गेली होती. यंत्रावरची पुढची पाळी ओगले मॅडमची. त्या नमुन्यांची पेटी घेऊन दारात उभ्या होत्या.

आवरताना वृंदाच्या हातून एक कुपी पडून फुटली.

"हलू नकोस." मॅडमनी दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवला. एरवी न दिसणारे काचेचे कण लखलखले.

वृंदा बघतच राहिली. उभे किरण थर भेदून काचेत शिरत होते; आडवे वरच्या वर घासत जातील. मग तिने किरण काचेला जवळजवळ समांतर आणले. पडद्यावर चंद्रकोरीसारखी रेघ उजळली. थराची!

"पण मॅडम, माझी वेळ संपली."

मॅडमनी पेटी खाली ठेवली.

"मग माझी घे."