कळलावीची पाकळी

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी सायलीला आपल्या अर्धवट चित्रात कळलावीची पाकळी दिसली. ती तिने ठेवली नव्हती.

चित्र वाळवलेल्या पानाफुलांचं होतं. सायली पानं आधी नुसती मांडून ठेवायची. सकाळच्या उजेडात पुन्हा एकदा पाहिल्याशिवाय डिंकाला हात लावायचा नाही, ही तिची पद्धत. नेच्याची डोंगररांग, त्यावर तेरड्याचं फिकट आभाळ, आणि त्या आभाळात आता ही एक पाकळी. टोकाला लाल, मुळाशी पिवळी, कडा नागमोडी. चपटी, कोरडी, नीट दाबून वाळवलेली.

"आई, माझ्या खोलीत कुणी आलं होतं?"

"तू आणि मी. तिसरं कोण आहे या घरात?" मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून लंकाबाई म्हणाल्या.

तिसरा होता तो मागच्या वर्षी जुलैत गेला. सायलीचा नवरा दीपक सातपूरला कारखान्यात होता. सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढून इगतपुरीकडे जायचा आणि बायकोसाठी पिशवीभर पानं-फुलं आणायचा. एकदा त्याने कळलावी आणली, तर लंकाबाईंनी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"बाहेर टाक ती. ज्या घरात जाते तिथे भांडणं लावते."

"भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि तू फुलाला घाबरतेस, आई?"

"मग फोटोलाच विचार, सासू-सुनेच्या घरात ही ठेवू का म्हणून!"

तिघंही हसली होती. फुलं मात्र बाहेरच राहिली. पण नंतर दीपक कधीमधी एखादी पाकळी खिशातून लपवून आणायचा आणि सायलीच्या चित्रात हळूच सरकवायचा. लंकाबाईंच्या ती बरोबर नजरेस पडायची. मग आरडाओरडा, मग पुन्हा हसू.

पुढे घाटात, भर पावसात त्याची गाडी घसरली. त्या दिवशीची नेच्याची पानं तेवढी घरी आली. चित्रातली डोंगररांग त्यांचीच होती.

सायलीने पाकळी उचलली नाही. जागच्या जागी चिकटवली.

पाकळी सापडली त्याच्या आदल्या आठवड्यात लंकाबाईंचे भाऊ केरूमामा येऊन गेले होते. सिन्नरला बुद्धभूषण नावाचे शिक्षक होते, बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. सायली तिशीचीही नव्हती. मामांनी लग्नाचा विषय काढताच ती म्हणाली, "आणि आईंना कोण बघणार?" आणि चहा ठेवायला उठली. आतून तिला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अक्का, ही अशी हलायची नाही. तू जरा भांड तिच्याशी. आपोआप जाईल."

"इतक्या वर्षांत कधी जमलं नाही रे. आता कुठून आणू भांडण?"

मामा खो खो हसले होते. सायलीलाही हसू आलं होतं.

पुढच्या चित्रात पुन्हा पाकळी आली. त्याच्या पुढच्यातही. आता सायली रोज सकाळी उठल्या उठल्या खोलीचं दार उघडायची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण दीपक कुठेही गेलेला नाही, इथेच आहे, हे तिला आता कुणी सांगायची गरज उरली नाही. मामांचा फोन आला की ती उचलत नसे. नवरा घरात असताना बाई जाईल कुठे?

त्याच दिवसांत लंकाबाई बदलल्या. मिक्सरमधली चटणी औषधासारखी लागते असं जन्मभर म्हणणारी बाई रोज मिक्सर लावू लागली. सायली एकदा पाटा ओढायला गेली, तर अंगावर धावून आल्या.

"हात लावू नको त्याला! माझ्या स्वयंपाकघरात तुझं काय काम?"

एसटीने एकट्याच इगतपुरीला बहिणीकडे, चिमणाबाईंकडे जायच्या. येताना रानभाजीची पिशवी आणायच्या आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या सुरू व्हायच्या.

"घरभर पाचोळा! घर आहे की उकिरडा?"

सायली ऐकून घ्यायची. पुत्रशोक आहे, म्हणायची. पाकळ्यांचं मात्र तिने त्यांना कधी सांगितलं नाही. ती गोष्ट तिची आणि दीपकची होती.

ऑक्टोबरात एका दुपारी लंकाबाई दारात उभ्या राहिल्या. चौकट घट्ट धरली होती. नजर भिंतीकडे होती.

"माझा दीपक तुझ्या पाल्यापायी गेला. तुझं तोंड पाहिलं की मला तेच दिसतं."

सायलीने डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. हे ती स्वतःला रोज म्हणत होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"जाते मी," ती म्हणाली.

"जा. पुन्हा येऊ नको."

मामा घ्यायला आले तेव्हा लंकाबाई बाहेर आल्या नाहीत. आत मिक्सर चालू होता. बराच वेळ चालू होता.

पुढच्या वर्षी विहारात सायलीचं आणि बुद्धभूषणचं लग्न लागलं. सिन्नरला तिने पुन्हा चित्रं मांडली. सकाळी ती जशीच्या तशी असत. पाकळी एकदाही आली नाही. तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दीपक त्या घरातच राहिला, आईंपाशी. निदान त्या एकट्या तरी नाहीत. सायलीला मुलगी झाली. तिच्या चित्रांचं नाशिकला प्रदर्शन झालं, चार जणांनी नावाजलं. केरूमामांना गुडघेदुखीने धरलं, त्यांचं येणं-जाणं थांबलं. लंकाबाई सायलीचा फोन घेत नसत. गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या.

घर रिकामं करायला सायली आणि बुद्धभूषण आले. शेवटी स्वयंपाकघरात पाटा तेवढा उरला. बुद्धभूषणने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

खाली वर्तमानपत्राच्या घड्या होत्या, एकावर एक, नीट. प्रत्येक घडीत कळलावीचं एकेक फूल, दाबून वाळवलेलं. एकाही फुलाच्या सगळ्या पाकळ्या जागेवर नव्हत्या.