डोळे उघडा

"प्रभू, या लेकराला पायांवर उभं कर! पुढच्या वर्षी ते धावत चर्चला येऊ दे!" पाळकबाईंचा सूर टिपेला पोचला होता आणि घरातल्या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्या बायका डोळे घट्ट मिटून "हो प्रभू, हो प्रभू" म्हणत होत्या. पोरीच्या आईचा मात्र प्रार्थनेतही एक डोळा पोरीवर असायचा. चार वर्षांची पोर रांगत दाराशी गेली होती आणि पाळकबाईंच्या चपला हातांत घालून, त्या फरशीवर टपटप चालवत एकटीच खिदळत होती.

आईचं डोकंच फिरलं. "बास! डोळे उघडा सगळ्यांनी!"

"अगं बाई, पडली का?" सासूबाई धडपडत उठल्या.

"पडली नाही, मजेत आहे. दर आठवड्याला तिच्यासाठी रडता, तिच्याकडे कधी बघितलंत? आज आभार माना, नाहीतर निघा."

पाळकबाईंनी पुन्हा हात जोडले, पण तोंडातून पुन्हा "प्रभू, या लेकराला उभं..." एवढंच निघालं. शेवटी आईनेच, चढलेल्या आवाजात, सुरुवात केली, "प्रभू, पोर हसतेय. आज माझं काही मागणं नाही."