गार दिवा

"ताई, हे बंद पडलंय की असंच असतं?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जुईलीने विचारलं खरं, पण शिल्पकार ताईंचा चेहरा पाहून तिने जीभ चावली. शाळेच्या हॉलमध्ये टांगलेले त्यांचे पातळ पत्र्याचे पक्षी सकाळपासून जागचे हलत नव्हते. तासाभरात प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

"दिव्याच्या उबेवर फिरतात गं ते, आपल्या फिरत्या कंदिलासारखे," ताई वैतागून म्हणाल्या. "तीनदा उतरवले, दोरे बदलले. माझाच हात बिघडलाय!" त्यांनी पक्कड आदळली.

उबेवर? जुईली स्टुलावर चढली आणि तिने पक्ष्यांखालच्या दिव्याजवळ हात नेला. "ताई, हा तर गारच आहे!"

"जुना फार तापायचा हो," शिपाईकाका अभिमानाने म्हणाले. "काल एलईडी लावला."

ताईंनी कपाळावर हात मारला. जुना दिवा परत लावला. पाचेक मिनिटं काहीच घडलं नाही. मग एक पक्षी जरासा कलला आणि भिंतीवर सावल्यांचा थवा निघाला.

घरी चपला काढायच्या आधीच जुईलीने जाहीर केलं, "आईबाबा, सुट्टीतला गणिताचा क्लास रद्द! मी ताईंकडे पक्षी उडवायला शिकणार. आणि बाबा, यंदा दिवाळीला फिरत्या कंदिलात एलईडी लावलात तर याद राखा!"