पुतळ्याचा दहावा

रेशनवर परदेशातून आलेल्या निकस लाल मिलो ज्वारीशिवाय दाणा मिळेना, म्हणून बेडशाच्या लोकांनी दिल्लीतल्या बड्या पुढाऱ्याचा पेंढ्याचा पुतळा जाळला. दहाव्या दिवशी टिंगल म्हणून पवनेकाठी त्याचा पिंडही मांडला.

कावळा शिवेना. तासाभरात सगळ्यांचं हसू आटलं.

शेवटी म्हातारे रखमाजीआबा हात जोडून पुढे झाले. "सायेब, तुमाला हार घालू." कावळा हलला नाही. "तुमचं भाषान ऐकू." तरी नाही. "बरं, फिरून तुमालाच निवडून देऊ."

कावळा झेपावला.

पुतळ्याला काडी लावणारा गेणू ओरडला, "आबा, आवो त्यो जित्ता हाय अजून!"

"व्हय रं," आबा रिकाम्या पत्रावळीकडं बघत म्हणाले. "पर शबुद पिंडाम्होरं दिलाय. आता मोडायचा कसा?"