सुटे भाग

दोन सायकली दारातून चोरीला गेल्यावर बाबांनी तिसरीसाठी शक्कल लढवली. रोज रात्री सायकल खोलायची आणि प्रत्येकाने आपला भाग जवळ घेऊन झोपायचं. दादाकडे हँडल, ताईकडे पुढचं चाक, माझ्याकडे मागचं, आईच्या उशाशी सीट. घंटी बाबांकडे. सकाळी ती वाजली की सगळे अंगणात हजर. चोराला अख्खं घरच उचलावं लागलं असतं. पुढे “घाला चुलीत तुमची सायकल!” म्हणून दादा घर सोडून गेला, तो हँडलसकट. ताई सासरी गेली, चाकही गेलं. आई वारली. तिच्या सीटला बाबा हात लावू देत नाहीत: “तिची जबाबदारी आहे ती.” आज सकाळीही घंटी वाजली. मी चाक घेऊन अंगणात गेलो. सांगाड्यापाशी बाबा खुशीत होते. “बघ, एकदाही चोर फिरकला नाही!” म्हणाले आणि घराकडे बघत घंटी वाजवत राहिले.