तिच्या ढिगात तीन गोळ्या

डेल्बर्टकाकांच्या गॅरेजात शिसं वितळत होतं आणि त्याच्या शेजारी रॉइस जळत होता. अमेरिकेतल्या आयडाहोत एल्क हरणाच्या शिकारीचा मोसम जवळ आला की बंदुकीच्या गोळ्या ओतायला तो दर शनिवारी इथे यायचा, पण काकांनी त्याला ‘चालेल’च्या वर कधी काही दिलं नव्हतं. आणि ही केलीन, आज पहिल्यांदा आलेली. तिच्या पहिल्याच घाण्याला काका म्हणाले, “वा पोरी, काय चकाकी, आरसाच.”

“मला नाही कधी आरसा म्हणालात,” रॉइस म्हणाला.

“तुला आरसा कशाला? तुझं तोंड माहीत आहे मला.”

केलीन कॉफी आणायला आत गेली, तेव्हा रॉइसने आपल्या तीन फसलेल्या गोळ्या हळूच तिच्या ढिगात सरकवल्या. आता कळू दे म्हाताऱ्याला.

काकांनी ढिगात हात घातला. एकेक गोळी अंगठ्याखाली फिरवली आणि नेमक्या त्या तीन रॉइसपुढे ठेवल्या.

“ह्या तुझ्या. शिसं गोठायच्या आत साच्याचं झाकण सरकवतोस, मग बुडाचा लचका तुटतो. किती वर्षं सांगतोय?”

रॉइसचे कान तापले. “आणि तिच्या गोळ्यांत काही खोट नाही?”

“असेलही.” काकांनी दाराकडे कानोसा घेतला. “वर्ष झालं, गोळी डोळ्यांना दिसतच नाही रे. कुणाला बोलू नकोस. अंगठ्याला ओळखू येतात त्या फक्त तुझ्या.”